तीन वाजताचं पाणी

घंटी वाजली नाही, एवढंच खरं तर झालं होतं. रेणू संध्याकाळी सहाला ऑफिसातून आली, एका हातात दुधाचा गॅलनचा कॅन, खांद्यावर पर्स, किल्ली फिरवून कोपरानं दार ढकललं, आणि दोन पावलं आत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच घरात चोरासारखे शिरलो. दाराच्या चौकटीवर तिनंच चिकटवलेली एक पांढरी डबी होती. दार उघडलं की ती टिंग-टाँग करायची आणि अख्ख्या घराला कळायचं की कोणी आलं किंवा कोणी गेलं. आज डबी गप्प. तिनं दार लावून पुन्हा उघडलं. गप्पच. स्वयंपाकघरात सासूबाई, मीराबाई, मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सेल संपला वाटतं," असं मोठ्यानं म्हणत रेणूनं स्टूल ओढलं, वर चढून डबीचं झाकण काढलं. दोन्ही पेन्सिल सेल जागच्या जागी होते, फक्त त्यातला एक उलटा बसवलेला होता. रविवारी तिनंच नवे सेल घातले होते, अधिकची खूण बघून, दोनदा वाजवून. सेल खाली पडला असता तर समजता आलं असतं. कोणी काढून नेला असता तर खेळण्यात घातला म्हणून दीक्षाला, नऊ वर्षांच्या लेकीला, दोन शब्द सुनावले असते. पण उलटा? उलटा म्हणजे कोणीतरी डोकं चालवलं. बघणाऱ्याला सेल दिसावेत आणि घंटी मात्र वाजू नये, एवढा विचार करून कोणीतरी या स्टुलावर चढलं होतं. घरात माणसं पाच, त्यातली एक ती स्वतः.

संशय घेणं हा तसा तिचा धंदाच होता. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत ती दोन वर्षं जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी तपासत बसली होती. कुठे कोणी सालाचे दोनच आकडे लिहिलेत, कुठल्या ओळीत यंत्र दोन हजार सालाला एकोणीसशे समजून बसेल, ते शोधायचं. ओळ दिसायला साधी असली की जास्त संशय घ्यायचा, असं ती नव्या पोरांना शिकवायची. दोन हजार उजाडायला अजून दीड वर्ष होतं, पण घरी तिचे सासरे सुभाषराव विसरण्याच्या आजारात तेवढीही वाट न बघता मागे निघून गेले होते. कधी नागपूरच्या टेलिफोन ऑफिसात असायचे, कधी त्याच्याही मागे, ज्या गावाबद्दल ते शहाणे असताना कधी बोलले नव्हते त्या गावात. रेणूला ते कधी रेणू म्हणत, कधी ताई, कधी नुसतं बघत राहत. सकाळी मात्र हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे राहिले की त्रिशरण-पंचशील एका अक्षराची चूक न करता म्हणत. तिथली मेणबत्ती रेणूनं काढून विजेची ठेवली होती. गॅसच्या शेगडीचे खटके ड्रॉवरमध्ये होते, नळाचं गरम पाणी कोमट केलं होतं, सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, मनगटात नाव आणि फोन नंबर कोरलेलं कडं होतं. असं एकेक करत सगळं घर तिनं गुळगुळीत करून ठेवलं होतं. राहिलं होतं फक्त दार.

जानेवारीत बाबा घरातल्या स्लिपरवर बर्फातून चालत प्रिन्स्टन जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर गेले होते आणि तिकीटवाल्याला मराठीतून सांगत होते की वर्ध्याची लाइन तुटली आहे, मला जायला पाहिजे. पोलिसांनी घरी आणून सोडलं. तेव्हाच नवरा, कुशल, म्हणाला होता, आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्लीचं कुलूप बसवायचं, विषय संपला. आणि रेणू त्याच्याशी भांडली होती. तिला त्याचं अजून आश्चर्य वाटायचं, की बाप त्याचा आणि भांडली ती. दार उघडं राहू दे, फक्त आपल्याला कळू दे, असं ती म्हणाली आणि हार्डवेअरच्या दुकानातून घंटी घेऊन आली. कुशल म्हणाला, ठीक आहे, पण ही एकदा जरी चुकली तर कुलूप. आता चुकली होती. चुकली कसली, चुकवली होती. "आई, बाबा आज बाहेर गेले होते का हो?" तिनं स्टुलावरूनच विचारलं. "नाही बापा," सासूबाई मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाल्या, "झोपून होते दुपारभर." रेणू सेल सरळ करून खाली उतरली, स्टूल सरकवलं, आणि दाराजवळच्या चपलांच्या रॅकमध्ये बाबांचे बूट तिला दिसले. तळव्यांना कापलेलं ताजं गवत चिकटलं होतं, ओलं होतं अजून. मंगळवारी पलीकडच्या सोसायटीचं लॉन कापतात. तिनं बूट होते तसेच ठेवले आणि दूध फ्रिजमध्ये लावलं.

जेवताना दीक्षानं सगळं बोलून टाकलं. "डॅड, द डोअर थिंग इज ब्रोकन." कुशलनं पोळीचा घास तसाच हातात धरला. "ब्रोकन म्हणजे?" "सेल सैल झाला होता," रेणू म्हणाली, आणि म्हणता म्हणता आपण खोटं का बोलतोय ते तिला कळेना. कुशल हसला नाही, रागावलाही नाही. "झालं मग. मी उद्या लॉकस्मिथला फोन करतो. शनिवारी सकाळी येईल." सासूबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "आग लागली तर रे? मी अन् हे दोघंच असतो घरात." "आई, किल्ली तुझ्या गळ्यात घाल ना. सिंपल आहे." बाबा आपल्या ताटातल्या भाताचे ढीग करत होते, त्यांनी मध्येच वर बघून विचारलं, "कोण येणार आहे शनिवारी?" रेणूच्या मनात तेव्हा पहिल्यांदा ते आलं, आणि आल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. कुलूप कोणाला हवं होतं? कुशलला. घंटी फसली की कुलूप, हे कोण म्हणालं होतं? कुशलच. मग घंटी फसण्यात फायदा कोणाचा? छे! अकरा वर्षांचा संसार, कॉलेजची चार वर्षं त्याआधीची, आणि आपण नवऱ्याकडे असं बघतोय. पण एकदा बघितलं ते बघितलं. तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता, आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती, स्टुलावर चढून या बोटांनी तो सेल फिरवला असेल का म्हणून.

बुधवारी तिनं बाबांचीच परीक्षा घेतली. याचं तिला नंतर फार वाईट वाटलं, पण त्या दिवशी वाटलं नाही. चौतीस वर्षं माणूस टेलिफोन खात्यात, खांबावर चढण्यापासून सुरुवात करून इन्स्पेक्टर झालेला. त्याला सेल कळणार नाही तर कोणाला? तिनं टॉर्चमधला एक सेल मुद्दाम उलटा घातला आणि त्यांच्या हातात दिला. "बाबा, हा लागत नाहीये हो." त्यांनी टॉर्च कानाशी हलवली, झाकण फिरवलं, आतले सेल तळहातावर ओतले, बघितलंसुद्धा नाही, अंगठ्यानं एक फिरवला, आत सोडले, लावली. उजेड तिच्या तोंडावर पडला. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. "अशी कशी चूक करता?" ते म्हणाले, आणि मग अगदी अदबीनं, "तुमचं नाव काय म्हणाल्या?" रेणूला वाटलं, हा माणूस नाटक तर करत नाही ना? डॉक्टर म्हणाले होते, हाताला येतं ते शेवटपर्यंत राहतं, नावं आधी जातात. डॉक्टरांचं बरोबरच असणार. तरी त्या रात्री अंथरुणात ती तो चेहरा आठवत राहिली. त्या अदबीत तिला काहीतरी लपवलेलं दिसत होतं. ते तिला ताई म्हणत, अहो-जाहो करत, तेव्हा ते खरंच विसरलेले असत, की मुद्दाम तिला परक्या बाईच्या अंतरावर ठेवत? लग्नात याच माणसानं तिच्या वडिलांची वाट बघत लग्नविधी दोन तास थांबवला होता. पुण्याहून तिचे वडील आलेच नाहीत. शेवटी बाबा तिच्याजवळ येऊन म्हणाले होते, "बेटा, तुझ्या बाजूनं मी उभा राहतो. कुशलच्या बाजूला त्याची आई आहे." आणि खरोखर तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यानंतर या घरात तिच्या जातीचा कोणी उच्चार केला नव्हता. रेणूला त्याचा अभिमान होता. आपण ते सगळं कोथरूडला टाकून आलो असं ती म्हणायची, मैत्रिणींना, स्वतःला, एकदा तर अशा रुग्णांच्या घरच्यांसाठी असलेल्या सपोर्ट ग्रुपमधल्या गोऱ्या बाईलासुद्धा, जिला यातलं काही कळणं शक्य नव्हतं.

गुरुवारी तिला मनी प्लॅन्ट दिसला. म्हणजे रोज दिसायचाच, सिंकच्या खिडकीत, पण आज तिनं बघितला. पानं पिवळी पडून लोळत होती आणि कुंडीतल्या मातीला कुबट वास येत होता. पाणी जास्त झालेलं. घरात झाडांना पाणी फक्त ती घालते, रविवारी. मग हे रोजचं पाणी कुठलं? फ्रिजवर बाबांच्या पाण्याचा तक्ता होता. मार्चमध्ये पाणी कमी पडून त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं, चार दिवस हॉस्पिटल, त्यात नको नको ते बरळले, आणि नर्सनं बजावलं की दिवसाला किती पाणी पोटात जातं ते मोजा. रेणूनं लगेच एक निळा मग बाजूला काढला, त्यावर मापासाठी लाल चिकटपट्टीच्या रेघा लावल्या, वेगळ्या हुकावर टांगला. त्यातच पोट साफ होण्याची पावडर ढवळायची. एकदा दीक्षा तो मग उचलून प्यायली आणि दिवसभर बाथरूममध्ये, म्हणून मग रेणूनं हुकाखाली चिठ्ठीही लावली, आपल्या सुरेख अक्षरात, मोठी, बाबांनाही वाचता यावी अशी. चिठ्ठी एकदा गळून पडली होती, तिनं दुसरी लावली. तक्त्यावर सासूबाईंच्या हातच्या रेघा होत्या, रोज आठ, एकही दिवस सुटलेला नाही. आठ मग पाणी. आणि कुंडी सडलेली. म्हणजे कोणीतरी मग भरत होतं, रेघ ओढत होतं, आणि पाणी कुंडीत ओतत होतं. रेणू तक्त्यासमोर उभी राहिली आणि तिला एकदम स्वच्छ वाटलं, की सासूबाईच. घंटी त्यांनीच, तक्ता त्यांनीच. अकरा वर्षं ही बाई आपल्याला हसून 'बेटा' म्हणते, आणि अकरा वर्षं आपल्याला तोलते आहे. आपण नोकरीवर गेलो की या घरात वेगळंच काहीतरी चालतं. त्यांना नवरा दगावला तरी चालेल का? की आपण केलेलं काहीच त्यांना नको आहे, कारण ते आपण केलेलं आहे? तिनं मीराबाईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं तर त्या 'नाही बापा' म्हणणार. चूक सापडायची असेल तर प्रोग्रॅम चालू असताना बघावा लागतो.

म्हणून शुक्रवारी तिनं हाफ डे टाकला. ऑफिसात डेंटिस्ट सांगितला, घरी काहीच सांगितलं नाही. अडीच वाजता ती आपल्याच घराच्या कोपऱ्यावर, टपालाच्या पेट्यांपलीकडे, एका मोठ्या व्हॅनच्या आडोशाला गाडी लावून बसली. काच खाली केली तर कुठून तरी फोडणीचा वास आला, हिंगाचा, या रस्त्यावर चार घरं आपल्या लोकांची होती. आपल्याला कोणी बघितलं तर काय म्हणेल, सून पाळत ठेवून बसली आहे सासूवर. म्हणू देत. उद्या सकाळी दहाला कुलूपवाला येणार होता आणि त्याच्या आत तिला कळायला हवं होतं की आपण कोणासाठी भांडलो. तीनला दहा कमी असताना दार उघडलं. बाबा बाहेर आले. विंडचीटर, टोपी, बुटांच्या नाड्या व्यवस्थित बांधलेल्या. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं नाही. ऑफिसला निघालेला माणूस चालतो तसे ते फुटपाथनं निघाले. रेणूचा हात गाडीच्या दाराकडे गेला. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं आणि मीराबाई आल्या. साडीवर कुशलचं जुनं जॅकेट, पायात पांढरे बूट. त्या पायरीवर थांबल्या, नवरा चाळीसेक पावलं पुढे जाऊ दिला, आणि मग एक हात गुडघ्यावर दाबत मागे निघाल्या. हाक नाही, काही नाही. रेणूनं गाडी सुरू केली. पुढे सासरे, त्यांच्यामागे लपत सासू, त्यांच्यामागे लपत सून, पायी चालण्याच्या वेगानं गाडी हाकत, आणि सुनेच्या मागे हॉर्न मारणारा एक ट्रकवाला. काय पण वरात!

मोठा रस्ता आला. चार लेन, गाड्या सुसाट. बाबा थांबले. खांबावरचं बटण दाबलं, आणि समोर चालणाऱ्या माणसाचा दिवा लागेपर्यंत शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. गेले पलीकडे. पलीकडे गेल्यावर मात्र डावीकडे वळायच्या ऐवजी ते उजवीकडे वळले. उजवीकडे रस्त्याला फुटपाथ नाही, सरळ हायवेवर चढणारा रॅम्प. रेणू सिग्नलला अडकली होती. मीराबाई अलीकडेच होत्या, त्यांनाही दिसलं. हाक मारा ना, रेणू गाडीत मोठ्यानं म्हणाली, मारा ना हाक, तोंडात काय बसलंय तुमच्या! मीराबाई नुसत्या उभ्या होत्या, जॅकेटची कड मुठीत धरून. बाबा दहा पावलं गेले, पंधरा. मग थांबले. टोपी काढून डोकं खाजवलं. वळले. उलटे आले आणि डावीकडच्या रस्त्याला लागले. रेणूला त्या बाईचा असा राग आला की गाडीतून उतरून तिला दोन्ही खांद्यांना धरून हलवावं. एवढा मोठा धोका, रोजचा, आणि घरी येऊन 'झोपून होते दुपारभर'! पण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. बाबा वळले तेव्हा त्यांचे खांदे ताठ झाले होते. तिनं गेल्या वर्षभरात त्यांचे खांदे तसे बघितले नव्हते.

ते लायब्ररीत गेले. गावातली सार्वजनिक लायब्ररी, काचेचं मोठं दार. रेणूनं गाडी लावली आणि काचेतून बघितलं. आत दाराशेजारी भिंतीला पिण्याच्या पाण्याचं स्टीलचं बेसिन होतं. पुढची पट्टी दाबली की पाण्याची धार वर उडते. एक मुलगा पाणी प्यायला, एक आजोबा प्यायले, मग बाबांची पाळी आली. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, पट्टी दाबली, वाकले आणि प्यायले. किती वेळ प्यायले! थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा वाकायचे. शेवटी रुमालानं तोंड पुसून ते शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, पाय लांब करून. मीराबाई बाहेरच्या बाकावर टेकल्या होत्या, गुडघा चोळत. रेणू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या दचकल्या नाहीत. "आलीस का," म्हणाल्या, आणि बाजूला सरकल्या.

"सेल तुम्ही उलटा केलात?"

"मीच केला. रोज दुपारी फिरवते, तू यायच्या आत सरळ करते, मंगळवारी राहून गेलं. काढून घेतला असता तर तुला लगेच दिसलं असतं. एवढं तर चाळीस वर्षं यांच्याकडून ऐकून ऐकून मलाही येते." त्यांनी जॅकेट सावरलं. "घंटी वाजली ना, की हे चोरी पकडल्यासारखे मागे फिरत. दारात उभे राहून थरथरत. मला नाही पाहवलं."

"आणि पाणी? ते कुंडीत कोण ओततं? आई, मार्चमध्ये काय झालं होतं विसरलात? मी तक्ता कशाला करून ठेवलाय मग?"

"कुंडीत हे ओततात. मी मग भरून देते, हे ओतून देतात, मी रेघ ओढते. माझ्या गिलासातून माझ्या हातानं पाजते तेवढं पितात. अन् रोज तीन वाजता इथं येऊन आपल्या हातानं पितात." मीराबाईंनी सुनेकडे बघितलं नाही, पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत राहिल्या. "त्या मगाचं पाणी ते नाही पिणार, बेटा. कधीच नाही पिणार."

"का?"

"तू काय लिहिलंस त्याच्याखाली?"

रेणूला क्षणभर आठवेना. मग आठवलं, आणि तिला ते तिथल्या तिथे, आपल्याच सुरेख अक्षरात, डोळ्यांसमोर दिसलं. बाबांचं भांडं. इतर कोणीही वापरू नये. धुऊन वेगळं ठेवावं. "पावडरसाठी, आई," ती म्हणाली. "दीक्षा प्यायली होती म्हणून. तुम्हाला माहीत आहे ना, पावडरसाठी." "मला माहीत आहे," मीराबाई म्हणाल्या. "त्यांना नाही माहीत. त्यांना गावातलं हॉटेल माहीत आहे. बाहेर खिळ्याला कप टांगलेले असत, आमच्या लोकांचे. आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं मला, पुन्हा नाव काढलं नाही. आता रोज तिथंच जातात. सकाळी उठून स्वयंपाकघरात येतात अन् तो खिळा दिसतो."

"मग ती चिठ्ठी काढून का नाही टाकलात तुम्ही?"

"काढली ना. तू दुसरी लावली."

रेणू बाकावर बसली. तिला ओरडून सांगायचं होतं की मी तशी नाही, मी ते सगळं सोडून आले, माझे वडील माझ्या लग्नाला आले नाहीत. पण ओठाशी आलं ते भलतंच होतं. कोथरूडच्या घरी मागच्या गॅलरीत कठड्यावर एक कान तुटलेला कप उपडा असायचा, कामाच्या सखूबाईंचा. तो आत कधी आला नाही. तो आत आणायचा नाही हे तिला कोणी सांगितल्याचं आठवत नव्हतं, आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं. ती वर्षानुवर्षं त्या कपाशेजारी केस वाळवत उभी राहिली होती. या आठवड्यात तिनं नवऱ्यावर संशय घेतला, आजारी माणसावर घेतला, या बाईवर तर घेतलाच घेतला. स्वतःच्या अक्षराकडे मात्र तिनं एकदाही वळून बघितलं नव्हतं, कारण ती ओळ दिसायला साधी होती. "मला सांगायचं होतंत हो," ती म्हणाली. "चार शब्द सांगायचे होते."

"सांगणार होते. यांनी सांगू दिलं नाही." मीराबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "म्हणाले, सून चांगली आहे, तिला काही बोलू नको, तिच्या घरच्यांनी शिकवलं असेल. फक्त मला त्यात पाणी देऊ नको. अन् कुशलनं तर रोज वाचलं ते, त्याला काहीच वाटलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. पोराला ते माहीतच नाही, एवढं तरी आम्ही केलं."

एक बाई तीन मुलांना घेऊन आत गेली, दार उघडं झालं तसं आतलं थंड वारं अंगावर आलं. रेणूनं डोळे पुसले. "पण तो रॅम्प, आई. मी बघितलं सगळं. ते वळले नसते तर?" "आतापर्यंत तीनदा चुकले. दोनदा आपल्या मनानं वळले. एकदा नाही वळले, तर मी हाक मारली." "आणि हाक ऐकू गेली नाही तर?" मीराबाईंचा गुडघ्यावरचा हात फिरत राहिला. मग म्हणाल्या, "माझे गुडघे चालून राहिले तोवर कुलूप नको लावू. आजपासून इतक्या लांबून नाही चालणार मी, जवळून चालीन, ते रागावले तरी. गुडघे गेले की लाव. मीच किल्ली फिरवीन, शपथेवर सांगते." "उद्याचा माणूस कॅन्सल करते मी." "कुशलला काय सांगशील?" "खरं ते सांगीन." "सगळं?" नवऱ्यासमोर उभं राहून ते तीन ओळींचं वाचून दाखवायचं होतं, आणि त्याला आजवर न कळलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवायचं होतं. त्यानंतर तो आपल्याकडे कसा बघेल? "सगळं," ती म्हणाली.

ती आत गेली. माफी मागायची असं तिनं ठरवलं होतं, वाक्यसुद्धा जुळवलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते. ती पाण्याच्या बेसिनपासून दोन पावलांवर थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, ऑफिसच्या कपड्यातली, डोळे सुजलेली एक बाई पाण्यासमोर उभी आहे आणि पुढे जात नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. पण दुसरं काहीतरी हळूहळू आलं, काळजी म्हणावी असं. ते खुर्चीचा हात धरून उठले. "प्यायचं आहे का, ताई? मग उभ्या कशाला? या. इथं कोणी अडवत नाही. मी रोज येतो." त्यांनी स्वतः पट्टी दाबली, मनगटातलं कडं स्टीलवर वाजलं, धार उडाली. रेणू वाकली. पाणी इतकं गार होतं की दात शिणले, थोडं नाकात गेलं, थोडं ब्लाउजवर सांडलं, आणि ती रडतेय की पितेय ते तिचं तिलाच कळेनासं झालं. "सावकाश," बाबा वरून म्हणाले. "भरपूर आहे." ती सरळ झाली तेव्हा त्यांनी आपला रुमाल पुढे केला. तिनं घेतला.

"घर लांब आहे का तुमचं?"

"आहे जरा लांब."

"एकट्या जाल नीट?"

तिच्या खिशात गाडीची किल्ली होती. काचेपलीकडे मीराबाई बाकाला धरून उठत होत्या. "नाही," रेणू म्हणाली. "एकटीला नाही जमायचं मला."

"मग चला," ते म्हणाले, "मी सोडतो." त्यांनी टोपी घातली, पुढे होऊन ते जड काचेचं दार उघडलं, आणि ती बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.